निळे डबे, अल्कोचा धूर: सातारा-सांगली लाइनीवर काय पाहिलंत ते लिहा

माहुलीकर

गेल्या रविवारी पाहुण्यांना सोडायला सातारा स्टेशनवर गेलो होतो. गाडीला उशीर होता, म्हणून सवयीने फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो. पलीकडच्या लाइनीवर रिकामा निळा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, उभा होता. शेवटून दुसऱ्या डब्याचा नंबर वाचला. सुरुवातीला ०१, पुढचे तीन आकडे चारशेच्या घरातले. म्हणजे २००१ साली बांधलेला जनरल डबा. माझी थोरली मुलगी त्याच वर्षी जन्मली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या डब्यावर पाच आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे बांधणीच्या वर्षाचे. पुढच्या तिन्हींवरून डब्याचा प्रकार कळतो. २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, ७०१ ते ८०० म्हणजे गार्ड आणि सामानाची जागा असलेला एसएलआर. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर आणखी बारीक अक्षरं असतात. शेवटचं पीओएच, म्हणजे मोठी दुरुस्ती, कुठल्या कारखान्यात आणि कधी झालं, पुढचं कधी. माझे वडील मिरजेला कॅरेज अँड वॅगनमध्ये फिटर होते. लहानपणी मला फलाटावर घेऊन जायचे आणि डबा वाचायला लावायचे. पाढ्यांच्या आधी मला डब्यांचे नंबर वाचता यायला लागले असं आई सांगते.

हे डबे चेन्नईच्या पेरांबूरमधल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या नमुन्याचे, म्हणून आयसीएफ म्हणायचं. कारखाना १९५५ साली सुरू झाला, आराखडा स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीचा. साठ वर्षांहून जास्त काळ देश या एका नमुन्यावर फिरला. जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरहून या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर पडला. डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षांचं. म्हणजे मी पाहिलेला डबा आता शेवटाला आलाय. आणि अगदी शेवटचे जे बांधले तेही २०४३ च्या पुढे प्रवासी गाडीत दिसणार नाहीत.

आपल्या लाइनीवर विजेची तार आली, डिझेल इंजिनं मागे पडली. लाल एलएचबी डबे (जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश कंपनीच्या नमुन्याचे) आले, वंदे भारत आली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण कोयना, महालक्ष्मी, सह्याद्री ज्या इंजिनांनी आणि डब्यांनी इतकी वर्षं ओढली त्यांची नोंद आपल्यापैकी कुणीच ठेवलेली नाही. म्हणून हा धागा. फोटो नसले तरी चालतील. कुठल्या डब्यात काय होतं, कुठलं इंजिन कुठे कसं वागायचं, कामावर असाल तर हाताला काय लागायचं, तेवढं लिहा. ऐकीव नको, पाहिलेलं लिहा.

विश्रामबाग

दादा, धागा काढलात, फार बरं केलंत. मी सांगलीत इंजिनीअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. माझ्या लहानपणी डिझेलच होतं, पण तेव्हा फक्त हॉर्न ऐकायचो. एक विचारायचंय. डब्ल्यूडीएम-२, ३ए, ३डी, डब्ल्यूडीपी-४डी ही डिझेल इंजिनांची सगळी नावं वाचलीत, पण नुसत्या आवाजावरून ओळखणारे लोक कसे ओळखायचे?

घोरपडी_शेड

मी सांगतो. पुण्याच्या डिझेल शेडमध्ये ३१ वर्षं काढली. आता निवृत्त, मुक्काम कोरेगाव.

आधी नावाचा अर्थ. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एम मिक्स्ड म्हणजे प्रवासी आणि माल दोन्हीला, पी प्रवासी, जी माल. डब्ल्यूडीएम-२ ची पहिली इंजिनं १९६२ साली अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आली. २६०० अश्वशक्ती. १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. खुद्द अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण तिचं १६ सिलिंडरचं इंजिन आपण पुढे कित्येक वर्षं बनवत आणि सुधारत राहिलो. ३ए ला ३१००, ३डी ला ३३०० अश्वशक्ती. सगळी त्याच घराण्यातली.

आवाजाचं म्हणाल तर अल्को चार स्ट्रोकचं. उभं असताना ढक्-ढक्, ढक्-ढक् असं तुटक वाजतं, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. डब्ल्यूडीपी-४डी हे अमेरिकेच्या ईएमडी कंपनीच्या आराखड्याचं, दोन स्ट्रोकचं, ४५०० अश्वशक्तीचं. त्याचा आवाज सलग, घुमणारा. लांबून येताना विमान आल्यासारखं वाटतं. डोळे मिटून कुणीही सांगेल.

अल्कोच्या काळ्या धुराबद्दल लोक फार बोलतात. त्याचं कारण साधं आहे. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवली की डिझेल लगेच वाढतं, पण हवा दाबणारा टर्बो फिरायला थोडा वेळ घेतो. तेवढा वेळ तेल जास्त, हवा कमी. अर्धवट जळलेलं तेल काळं होऊन वर जातं. टर्बोनं वेग धरला की धूर पातळ होतो. धूर पातळ होत नसेल तर समजायचं, हे इंजिन शेडला आलं पाहिजे.

इंजिनाचं वय आम्ही तेलावरून ओळखायचो. वंगणाचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. तेलात तांबं किंवा शिसं वाढलं की बेअरिंग झिजतंय, लोखंड वाढलं की सिलिंडरचा लायनर किंवा पिस्टनच्या रिंगा. माणसाचं रक्त तपासतात तसंच. रिपोर्ट आला की कुठलं झाकण उघडायचं ते ठरायचं. मी स्वतः एक ३ए असं पकडलंय. आवाज ठीक, दाब ठीक, धूर नाही, पण तेलात तांबं दर नमुन्याला चढत होतं. उघडलं तर बेअरिंगचा वरचा थर बोटानं निघत होता. आणखी एक फेरी मारली असती तर क्रँकशाफ्ट गेला असता, आणि गाडी घाटात उभी राहिली असती.

वाठारकरीण

घाटाचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझं माहेर वाठारचं. लोणंद सोडलं की सालपे, मग आदर्की, मग वाठार. सालप्यापासून गाडी वळणं घेत वर चढते. बोगद्यात शिरायच्या आधी आजी खिडक्या लावायला सांगायची, नाहीतर धूर डब्यात. दुपारच्या गाडीला वळणावर पुढचं इंजिन खिडकीतून दिसायचं आणि आम्ही मुलं त्याच्या दिशेनं हात हलवायचो.

पण मी इथे वेगळं लिहायला आलेय. निळ्या डब्यांचं एवढं कौतुक मला पटत नाही. सतरा वर्षांची असताना खिडकीचं लोखंडी शटर माझ्या उजव्या हातावर पडलं. अडकवायची खिट्टी झिजलेली होती. गाडीनं हिसका दिला आणि ते सुटलं. दोन बोटांची नखं गेली, एका बोटाचं टोक अजून बधिर आहे. पहिली पायरी इतकी उंच की नऊवारी नेसलेल्या आजीला दोघांनी वर ओढून घ्यावं लागायचं. संडासाचं तर लिहायलाच नको. ज्यांनी त्या डब्यांतून बाईमाणूस म्हणून प्रवास केलाय त्यांना ते गेल्याचं दुःख होणार नाही. दादा, राग मानू नका.

माहुलीकर

ताई, राग कसला. मला नेमकं हेच हवं होतं. खिट्टी झिजलेली होती, ही नोंदच आहे. कुठल्याही पुस्तकात ती मिळणार नाही.

संडासाचा विषय तुम्ही काढलात म्हणून वडिलांनी दाखवलेली एक गोष्ट लिहितो. आयसीएफ डब्याचा सांगाडा साध्या पोलादाचा. तो गंजायला सुरुवात होते संडासाखालून आणि दारापासून. पाणी मुरतं, घाण खाली पडताना कडेच्या पत्र्याला लागते, आणि जिथे भिंत वळून तळाला मिळते त्या भागात गंज आतून खात जातो. वरून रंग चकचकीत असतो. वडील लहान हातोडी घेऊन डब्याच्या कडेनं चालायचे. मधल्या भागावर मारली की खणखणीत आवाज यायचा. संडासाच्या कोपऱ्याजवळ आले की कधी कधी आवाज बसका व्हायचा, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. मग ते खडूनं गोल करायचे. मी एकदा त्या गोलात बोट दाबलं, तर रंगाचा पापुद्रा आत गेला आणि बोटाला तपकिरी चुरा लागला. वडील म्हणाले, "असं बोट दाबून बघत जा, म्हणजे डबा खोटं बोलत नाही."

नव्या एलएचबीचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा आणि संडास बायो-टॉयलेटचे. गंजाचं मूळच काढून टाकलं. वडील ते बघायला असते तर खूश झाले असते.

किर्लोस्करवाडी_अप

मी २२ वर्षं किर्लोस्करवाडी ते मिरज अप-डाउन केलंय. (स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना वसवला, मग नाव बदललं.)

माझी आठवण दिव्यांची. जुन्या डब्याची वीज डब्यातच तयार व्हायची. खाली चाकाच्या आसाला पट्टे लावून अल्टरनेटर फिरायचा, त्यावर ११० व्होल्टच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. गाडी पळतेय तोवर सगळं छान. एकेरी लाइन होती तेव्हा क्रॉसिंगला गाडी टाकून ठेवायचे, भिलवडीला, कधी अर्धा तास, कधी जास्त. बॅटऱ्या जुन्या असल्या की बल्ब हळूहळू पिवळे व्हायचे, पंख्याची पाती मोजता यायची. समोरून गाडी धडधडत गेली, आपली हलली, की मिनिटाभरात पंखे पुन्हा गरगरायला लागायचे. आम्ही रोजचे लोक पंख्याकडे बघून सांगायचो, हा पट्टा ढिला आहे म्हणून.

आता विजेच्या इंजिनातूनच डब्यांना वीज मिळते, ७५० व्होल्ट, हेड-ऑन जनरेशन म्हणतात त्याला. मध्ये काही वर्षं लाल डबे आले होते पण तार नव्हती, तेव्हा दोन्ही टोकांना जनरेटर गाडी लावायचे. फलाटावर तिच्यासमोर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही.

कृष्णाकाठ

अवांतर आहे, पण शेणोलीचं नाव या लाइनीवर येतं आणि कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ७ जून १९४३. प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांचं पथक. तेव्हा हा रूळ मीटरगेज होता, कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा. गाडीतून शेणोलीवरून जाताना माझे आजोबा टोपी काढून बसायचे. आम्हाला वाटायचं, उकडतंय म्हणून.

मिरज_तीन_गेज

वय ७४. नातीनं हे टाइप करून दिलंय.

पुणे-मिरज ब्रॉडगेज झालं १९७१ ला. त्यानंतर बरीच वर्षं मिरजेत तिन्ही रूळ होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, लोंढ्याकडे मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज, बार्शी लाइट रेल्वेची. त्या बार्शी लाइटला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या साहेबानं १८९७ साली सुरुवात केली. अडीच फुटी रूळ, पण इंजिनाचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटून दिलं, म्हणून हलक्या रुळावरूनही भरपूर माल जायचा. मिरजेपर्यंत ती १९२७ ला पोचली. एका गेजमधला माल दुसऱ्यात भरायला हमालांची रांग असायची. तंबाखू, शेंगा, गूळ. शेंगांची पोती उलगडली की यार्डभर वास.

मी पॉइंट्समन होतो. डबे जोडायचं काम. आता लोक रीलवर बघतात म्हणे. आयसीएफला स्क्रू कपलिंग. डब्याच्या टोकाला धक्का झेलणारे दोन बफर असतात, त्यांच्या मध्ये वाकून शिरायचं. इंजिन मागे येतंय, बफर बफराला टेकतात, तोवर तुम्ही मध्ये. मग कडी उचलून समोरच्या आकड्यात टाकायची. ती कडी जड, उन्हाळ्यात तापलेली, पावसात ग्रीसनं निसटणारी. मग स्क्रू फिरवून ताण द्यायचा. कमी ताणला तर गाडी सुटताना धक्के, फार ताणला तर वळणावर त्रास. त्यानंतर दोन रबरी नळ्या, ब्रेक पाइप आणि फीड पाइप. जोडताना एकदा फुस्स होतं, मग गार हवा लागते हाताला. ड्रायव्हरला हात दाखवायच्या आधी मी स्वतःचे पाय कुठे आहेत ते बघायचो. माझ्या ओळखीचा एक जण बघायचा राहिला.

एलएचबीला मधोमध एकच कपलर असतो, दोन हात एकमेकांत अडकल्यासारखा, आपोआप बसतो. अपघातात डबे सहसा एकमेकांवर चढत नाहीत ते त्याच्यामुळे. माणसाला बफरांमध्ये शिरावं लागत नाही, माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

विश्रामबाग

आजोबा, हे वाचून दोन मिनिटं काहीच लिहवलं नाही.

एक प्रश्न मात्र आहे. एलएचबी एवढा चांगला, तर गाडी सुटताना हिसका का बसतो? महालक्ष्मीला वरच्या बर्थवर झोपलो होतो, साताऱ्याहून सुटताना डोकं आपटलं.

घोरपडी_शेड

बाळा, जुन्या डब्यात बाजूचे बफर दाबलेले असायचे आणि स्क्रू ताणलेला असायचा, त्यामुळे मध्ये मोकळी जागा जवळजवळ नसायची. मधल्या कपलरला थोडी ढिलाई असते. २२ डब्यांत ती थोडी थोडी साठते, आणि शेवटच्या डब्यापर्यंत जाताना तिचा धक्का होतो. कपलरमागचा धक्का झेलणारा भाग, ड्राफ्ट गियर, सुधारून हे बरंच कमी केलंय. बाकी ड्रायव्हरच्या हातावर आहे. आमच्याकडे एक ड्रायव्हर साहेब होते. पहिली नॉच दिली की दहापर्यंत आकडे मोजायचे, मगच दुसरी. पाण्याचा ग्लास सांडायचा नाही.

आदर्कीच्या घाटाचं राहिलं. जुन्या एका केबिनच्या अल्कोचा लांब बॉनेट पुढे असला की ड्रायव्हरला समोर बघायला त्या बॉनेटच्या कडेनं मान काढावी लागायची. डाव्या वळणाला सिग्नल एकाला दिसायचा, उजव्याला दुसऱ्याला. म्हणून ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नलचा रंग एकमेकांना ओरडून सांगायचे. ४डी मधला शेवटचा डी म्हणजे ड्युअल कॅब, दोन्ही टोकांना केबिन. तो आल्यावर मानांची दुखणी कमी झाली. आता घोरपडीच्या शेडमध्ये विजेची इंजिनंही येतात. आमच्याबरोबरची पोरं नवं शिकली. मला त्यांचा अभिमान आहे.

किर्लोस्करवाडी_अप

निळे डबे पुढे जातात कुठे? सगळे भंगारात?

माहुलीकर

सगळे नाही. बऱ्याच डब्यांच्या खिडक्या पत्र्यानं बंद करून, आतली बाकं काढून, टोकाला दारं करतात आणि त्यातून मोटारी नेतात. त्याला एनएमजी (न्यूली मॉडिफाइड गुड्स) म्हणतात. लाइनीवर खिडक्या नसलेली प्रवासी गाडीसारखी दिसणारी मालगाडी गेली तर ती हीच. काही डबे अपघात मदत गाडीत जातात, काही रुळाच्या कामावरच्या लोकांना राहायला. २०२० मध्ये पाच हजारांहून जास्त जुने डबे कोविडच्या रुग्णांसाठी तयार करून ठेवले होते. इंजिनांचंही तसंच. २०२० च्या जुलैमध्ये १० ब्रॉडगेज डिझेल बांगलादेशला दिली, २०२३ मध्ये आणखी २०.

माझं एक ठाम मत लिहून ठेवतो, पटलं नाही तर सांगा. नवा डबा येतो तो आधी मोठ्या गाडीला, आरक्षणाच्या वर्गाला. तिथून उतरलेला जुना डबा पॅसेंजरला. म्हणजे मसूर, तारगाव, नांद्र्याच्या माणसाच्या वाट्याला डब्याच्या आयुष्याची शेवटची वर्षं येतात. वाठारच्या ताईंच्या बोटांवर पडलेलं शटर त्या शेवटच्या वर्षांतलं होतं. रोज उभं राहून जाणाऱ्या माणसाला चांगल्या ब्रेकची आणि न गंजणाऱ्या जमिनीची गरज कमी नसते. एलएचबी स्लीपरमध्ये ७२ ऐवजी ८० बर्थ बसतात, डबा जवळजवळ दोन मीटरनं लांब आहे. जनरलमध्येही जास्त माणसं बसतात. मग तो पहिल्यांदा जनरलला का नको?

वाठारकरीण

हे मात्र शंभर टक्के पटलं. दादा, माझ्याकडूनही एक नोंद घ्या. निळ्या डब्यात बायका पाय वर घेऊन समोरासमोर बसायच्या, मध्ये पाटी ठेवून शेंगा सोलायच्या. जेजुरीपासून लोणंदपर्यंत एक पाटी व्हायची. बाक रेक्झिनचं, हिरवं. फाटलेल्या जागी आतला काथ्या बोचायचा.

विश्रामबाग

काल सांगली स्टेशनवर गेलो होतो. पहिली नोंद देतो, चुकलं असेल तर सांगा.

निळा रेक, फलाटाच्या पलीकडे. डबा ०४ नं सुरू, पुढे सातशेच्या घरात, म्हणजे एसएलआर. टोकाच्या भिंतीवरची पीओएचची तारीख पुसट, वर्ष वाचता आलं नाही. रिटर्न डेट, म्हणजे पुढच्या पीओएचची तारीख, नव्या पांढऱ्या रंगात. सामानाच्या दाराखाली साधारण हातभर लांबीचा पत्र्याचा तुकडा वेल्डिंग केलेला, वर निळा रंग थोडा वेगळा. संडासाखालच्या कोपऱ्यात बोट दाबून बघितलं. आत गेलं नाही.

माहुलीकर

बरोबर वाचलंस. वहीत घेतलं. दाराची खिट्टी बघितलीस का?

विश्रामबाग

नाही बघितली दादा. उद्या सकाळी पुन्हा जातो, रेक असला तर.